सोसायटीच्या बेसमेंटचं करायचं काय?

अकोटेकर
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी बडोद्यात, अकोट्याला, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. चार मजले, खाली अख्ख्या प्लॉटएवढं बेसमेंट. मंजूर नकाशात 'पार्किंग' लिहिलंय. ऑगस्ट २०२४ च्या पुरात ते छतापर्यंत भरलं. गाड्या गेल्या, लिफ्ट गेली, मीटरचं पॅनल गेलं. तेव्हापासून खाली कोणी गाडी लावायला तयार नाही. सगळ्यांच्या गाड्या रस्त्यावर आणि बेसमेंटमध्ये जुने सोफे, गणपतीच्या मखराचं थर्माकोल, झालंच तर डास.

आता एका कोचिंग क्लासवाल्याने रीडिंग रूमसाठी ती जागा भाड्याने मागितली आहे. एक जिमवालाही मागे लागलाय. भाडं चांगलं आहे, मेंटेनन्स जवळपास निम्मा होईल. त्यामुळे सोसायटीत दोन तट पडलेत. रविवारी मीटिंग आहे आणि मी सेक्रेटरी, म्हणजे दोन्हीकडची बोलणी मलाच खायची आहेत.

माझा प्रश्न मुळापासून आहे. इमारतीला बेसमेंट काढतात ते कशासाठी? त्यात नियमाने काय चालतं, काय नाही? आणि बडोद्यात, नदीकाठी, ते असावंच का? अनुभव लिहा, नुसते सल्लेही चालतील.

मांडवीचा_मिलिंद
मी पहिला. आता सावकाश वाचतो.

हौशी_गवंडी
जन्म सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये गेला, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये बेसमेंटचे उपयोग सरळ लिहिलेत. सहजी पेट न घेणारं घरगुती किंवा इतर सामान ठेवणं, बँकेची स्ट्राँगरूम, एसी प्लँट किंवा इमारतीची इतर यंत्रं आणि पार्किंग. राहण्यासाठी नाही. उंची किमान २.४ मीटर हवी. जिथे पंख्यांनी हवा खेळवायची सोय नाही तिथे छत आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ०.९ ते १.२ मीटर वर यायला हवं, म्हणजे वरच्या पट्टीत झडपा ठेवता येतात. आणि रस्त्याचं पाणी आत उतरता कामा नये, हेही त्यातच आहे. हे वाक्य बहुतेक बिल्डरांच्या प्रतीतून गळालेलं असतं. स्थानिक नियम वेगळे असतील तर ते आधी, म्हणून कॉर्पोरेशनमध्ये तुमचा मंजूर नकाशा काढून बघा.

बिल्डर बेसमेंट का काढतो म्हणाल तर पार्किंगचं बेसमेंट साधारणपणे एफएसआयमध्ये (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं त्या हिशेबात) धरत नाहीत. गाड्या खाली घातल्या की वर विकायला तेवढी जागा मोकळी. यात तुमच्या सोयीचा विचार दुसऱ्या नंबरला असतो.

तर, नकाशात पार्किंग असेल तर रीडिंग रूमही नाही आणि जिमही नाही. वापर बदलायचा तर परवानगी घ्या, आणि तुमच्या जागेत ती मिळेल असं मला वाटत नाही.

सुरसागर_कट्टा
गवंडीकाका, परवानगी कोण विचारतो? अलकापुरीत चक्कर मारा. पार्किंग लिहिलेल्या किती बेसमेंटमध्ये खरंच गाड्या दिसतात ते मोजा. सलून, टेलर, गारमेंटचे सेल, काय नाही तिथे?

हौशी_गवंडी
कॉर्पोरेशनचं सील लागतं तेव्हा तेच लोक विचारत येतात.

दांडियाबाजारची_नलूआजी
मला हे बेसमेंटपुराण वाचून गंमत वाटली. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात कोठीच्या खोलीखाली तळघर होतं. जमिनीत लाकडी झाकण, त्याला लोखंडी कडी. कडी उचलली की खालून गार हवेचा झोत यायचा, त्याला गूळ आणि जुन्या पोत्यांचा वास. वैशाखात जेवणं झाली की सासूबाई चटई घेऊन खाली उतरायच्या त्या चहालाच वर. लोणच्याच्या बरण्या, तांब्याची मोठी भांडी आणि वर्षाचे गहू तिथेच. सुरसागर तलाव काठोकाठ भरला की एका भिंतीला ओल धरायची, मग गव्हाची पोती पलीकडच्या भिंतीला सरकवायची. एवढाच काय तो त्रास.

तेव्हा जुन्या लोकांना कळत नव्हतं असं नाही. तळघर वाईट नाही हो, त्यात काय ठेवताय ते बघा.

मांडवीचा_मिलिंद
नलूआजी, वैशाखात तुमच्याकडे यायला हवं होतं.

दांडियाबाजारची_नलूआजी
वाडा पाडून फ्लॅट झाले रे. खाली बेसमेंट आहे, पण तिथे पाठ टेकवून दाखव.

हौशी_गवंडी
नलूताईंच्या गार झोताचं कारण सांगतो. जमिनीत तीन-चार मीटर खाली गेलं की तापमान वर्षभर फारसं हलत नाही, त्या गावाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहतं. बडोद्याला ते सत्तावीस-अठ्ठावीस अंश धरा. वर बेचाळीस असताना खाली गारच वाटणार.

पण पावसाळ्यात हीच गोष्ट अंगावर येते. बाहेरची दमट हवा खाली आली की थंड भिंतीवर तिचं पाणी होतं. लोक म्हणतात भिंत गळते आणि हजारो रुपये वॉटरप्रूफिंगवर घालवतात. त्याआधी एक करून बघा. भिंतीवर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा. दुसऱ्या दिवशी पाणी प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ती हवेतली वाफ आहे, तिथे पंखा लागतो. प्लास्टिकच्या आत, भिंतीकडे असेल तर ओल खरोखर भिंतीतून येते आहे, तिथे काम काढावं लागतं.

ग्वाल्हेरचा_नाना
आमच्या ग्वाल्हेरलाही हीच कथा. किल्ल्यावरचं मानमंदिर राजा मानसिंह तोमरचं (राज्य १४८६ ते १५१६). त्याला जमिनीखाली दोन मजले आहेत. वरून हवा-उजेड खाली आणायला झरोके काढलेत. आमच्याकडचा मे महिना ज्याने काढलाय त्याला ते कशासाठी काढलेत हे गाइडने सांगावं लागत नाही. पुढे किल्ला मोगलांकडे गेला आणि या खालच्या मजल्यांचा तुरुंग झाला. औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादला, याच किल्ल्यावर कैदेत ठेवलं आणि १६६१ मध्ये मारवलं.

सांगायचा मुद्दा, भाडेकरू बदलला की तळघराचा वापर कुठवर जाईल याचा नेम नाही. सेक्रेटरी साहेबांनी करारात कलम घालून घ्यावं.

अकोटेकर
नाना, आमच्या कमिटीतल्या दोघांना तिथे ठेवायची मला आत्ताच इच्छा आहे.

पाटणवाली
थोडं अवांतर, पण गुजरातेत बसून जमिनीखालच्या बांधकामावर बोलायचं आणि वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, विसरायची, हे बरोबर नाही. पाटणची राणीची वाव अकराव्या शतकातली, सात टप्प्यांत खाली उतरते, २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. अडालजची १४९९ ची. आपल्या बडोद्यातही लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात नवलखी वाव आहे. दुपारच्या उन्हात पायऱ्या उतरत गेलं की टप्प्याटप्प्याने गारवा कळतो. प्रवासी, पाणी भरणाऱ्या बायका, सगळ्यांची विसाव्याची जागा. नुसता 'पाण्याचा साठा' म्हणून तिची बोळवण करू नका.

खवट_खंडेराव
वावीत पाणी यावं म्हणून खणली. अकोटेकरांच्या बिल्डरनेही वावच बांधली, फक्त पैसे पार्किंगचे घेतले.

सुरसागर_कट्टा
खंडेराव, मान गये!

सांगलीची_लेक
माझं माहेर सांगली, सासर कारेलीबाग, म्हणजे पूर दोन्हीकडचा पाहिलेला. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. कृष्णाकाठची घट्ट माती, त्यात खोल खड्डे, तोंड लहान आणि पोट मोठं. हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लिंपायची. आत हवाच नाही त्यामुळे कीड लागत नाही, माल काही वर्षं टिकतो. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. तोंड मोकळं ठेवून आतली हवा बदलू द्यायची आणि मगच माणूस उतरायचा. घाई केलेली माणसं गुदमरून गेलीत.

२००५ च्या पुरात नदीचं पाणी पेवांत शिरलं आणि कितीतरी पेवं निकामी झाली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, मातीची जात ओळखून केलेली जागासुद्धा एका पुरात जाते. तर सिमेंटच्या खोक्याचं कौतुक किती करायचं?

सयाजीगंजचा_दुकानदार
सगळ्यांचं वाचलं. सगळे फ्लॅटवाले, त्यामुळे बेसमेंटवर टीका करणं सोपं आहे. माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान बेसमेंटमध्ये आहे. रीतसर दुकान म्हणून मंजूर गाळा, कागद आहेत माझ्याकडे. वरच्या रस्त्यालगतच्या गाळ्याचं भाडं माझ्या तिप्पट. ते परवडलं असतं तर मी खाली कशाला बसलो असतो?

२०२४ ला माझा माल गेला. कागदाच्या रिमा फुगून एकमेकींना अशा चिकटल्या की फावड्याने काढाव्या लागल्या. तरी परत तिथेच बसलो. आता खालचा खण रिकामा ठेवतो, मशीन लोखंडी चौथऱ्यावर, जून ते सप्टेंबर कागद मागवतो तो आठवड्याच्या विक्रीपुरताच. नदीची पातळी मोबाईलवर बघतो. वीस फूट म्हणाले की शटर ओढतो आणि माल वर शेजाऱ्याच्या जिन्यात नेऊन ठेवतो. धोक्याची पातळी सव्वीस फुटांची, पण तोवर थांबलं तर हमाल मिळत नाही.

बेसमेंट नको म्हणणाऱ्यांनी आम्हाला वरचा गाळा घेऊन द्यावा.

पाटणवाली
दुकानदारभाऊ, तुमचं पटतं. पण तुम्ही शटर ओढून वर जाता. रीडिंग रूममध्ये कानात इअरफोन घालून बसलेली वीस वर्षांची मुलं असतात. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत, जुन्या राजेंद्र नगरमध्ये, कोचिंगच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. तिथेही परवानगी पार्किंग आणि सामानाचीच होती, चालवत होते लायब्ररी. माझी भाची तेव्हा तिथून दोन गल्ल्या सोडून राहत होती, म्हणून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. अकोटेकर, मेंटेनन्स निम्मा होईल म्हणून हे करू नका.

सयाजीगंजचा_दुकानदार
ताई, पोरांच्या बाबतीत तुमच्याशी वाद नाही.

मांडवीचा_मिलिंद
एक शंका. पाणी येताना दिसतंच की. उठून बाहेर पडायला किती वेळ लागतो?

हौशी_गवंडी
मिलिंद, हिशेब करू. दार ९० सेंटीमीटर रुंद, बाहेर एक मीटर पाणी चढलंय, आत अजून कोरडं आहे. त्या दारावर साधारण साडेचारशे किलोचा रेटा येतो. दार बाहेर उघडणारं असेल तर चार माणसांनी ढकलूनही हलत नाही, आत उघडणारं असेल तर कडी काढताच अंगावर येतं. जिना हाच पाण्याचा रस्ता असेल तर तुम्ही वर चढताय आणि पाणी तुमच्यावर उतरतंय. वीज गेलेली असते. रस्त्यावर पाणी तुंबलं आणि रॅम्पचा उंचवटा ओलांडला, की मग ते हळूहळू वाढत नाही, लोंढ्याने येतं. म्हणून माणसं बसणार असतील तिथे एकमेकांपासून लांब असे दोन जिने लागतात. तुमच्याकडे एक रॅम्प आणि लिफ्टला चिकटून एक जिना असणार, पैज लावतो.

दुसरी गोष्ट, जी पूर ओसरल्यावर लोक विसरतात. जमिनीतलं पाणी बेसमेंटला खालून वर ढकलतं. बादलीभर पाण्यात रिकामं पातेलं दाबून बघा. एक मीटर पाण्याला दर चौरस मीटरला एक टन रेटा. आत पाणी भरलेलं असतं तेव्हा दोन्हीकडचा दाब बरोबरीत असतो. तुम्ही भाड्याचे चार पंप लावून घाईघाईने आतलं उपसलं आणि बाहेरची जमीन अजून पाण्याने गच्च असेल तर फरशी उचलली जाते, भिंतीला आडवी चीर पडते. बाहेरचं पाणी उतरू द्या, मग थोडं थोडं उपसा. अकोटेकर, तुमच्या भिंतींवर मध्यावर आडव्या चिरा आहेत का, एकदा बॅटरी घेऊन बघा.

अकोटेकर
जिना एकच, लिफ्टला चिकटून. पैज जिंकलात. चिरांचं आज संध्याकाळी बघतो.

कारेलीबागचा_केतन
आमच्या सोसायटीत सीएनजीची गाडी बेसमेंटमध्ये लावू देत नाहीत. वॉचमन बोनेट उघडायला लावतो. याला काही अर्थ आहे का?

हौशी_गवंडी
सीएनजी हवेपेक्षा हलका. गळला तर वर जातो, छताखाली साचतो. छताजवळ झडपा उघड्या असतील आणि पंखे चालू असतील तर निघून जातो. त्या झडपा तुमच्या सोसायटीने कबुतरांच्या भीतीने बंद केल्या असतील, तर वॉचमन बरोबर आहे. उलट घरगुती सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो आणि बेसमेंटमधून बाहेर पडायला त्याला वाट नसते. म्हणून लग्नाच्या केटररला सिलिंडर बेसमेंटमध्ये ठेवू देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. आणि जनरेटर बंद बेसमेंटमध्ये चालवायचा नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

निवृत्त_कॅशियर
बँकेची स्ट्राँगरूम म्हणालात म्हणून लिहितो. नोकरीत बरीच वर्षं लॉकरच्या किल्ल्या सांभाळल्या. जमिनीखाली भिंत फोडायला चोराला बाहेरून जागा नसते आणि तिजोऱ्यांचं वजन पेलायला खालची जमीन बरी, म्हणून खाली. पण एक बाब लॉकरधारकांना माहीत नसते. १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट इतकी. पूर, भूकंप, वीज अशा नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा स्वतःचा निष्काळजीपणा नसेल तर, काही नाही. तेव्हा बडोद्यात लॉकर घेताना विचारा की कोणत्या मजल्यावर आहे. घराची कागदपत्रं ठेवत असाल तर निदान जाड प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवा. सोनं पुसून घेता येतं, खरेदीखत नाही.

सांगलीची_लेक
काका, हे मला खरंच माहीत नव्हतं. उद्याच जाऊन बघते.

खवट_खंडेराव
वास्तुशास्त्रवाले अजून आले नाहीत? ईशान्येला तळघर शुभ वगैरे?

कारेलीबागचा_केतन
आमचं ईशान्येलाच होतं. पाणी नैर्ऋत्येच्या रॅम्पने आलं.

सुरसागर_कट्टा
आणि मगर कोणत्या दिशेने? २०२४ ला विश्वामित्रीच्या मगरी रस्त्यावर, अंगणात फिरत होत्या. पूर ओसरल्यावर बेसमेंटच्या गाळात उतरणाऱ्याने आधी काठी आपटावी. हा विनोद नाही. आमच्या भागात वन्यजीववाल्यांना बोलावूनच आम्ही खाली गेलो.

कारेलीबागचा_केतन
गाड्यांबद्दलही लिहितो, कारण माझी स्वतःची गेली. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघायचा मोह होतो. करू नका. इंजिनात पाणी असताना सेल मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात तो खर्च बसत नाही, त्यासाठी इंजिनचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. बॅटरीची तार काढा, फोटो काढा, टो करून न्या. माझ्या शेजाऱ्याने 'एकदा बघू तरी' म्हणून चावी फिरवली, त्याचा आणि माझा क्लेम यात जमीन-अस्मानाचा फरक पडला.

दांडियाबाजारची_नलूआजी
अकोटेकर, मीटिंगचं काय झालं? सगळे आपापलं सांगून मोकळे झाले.

अकोटेकर
झाली मीटिंग, आज्जी. तीन तास चालली आणि बटाटेवडे संपल्यावर संपली.

मी या धाग्यातलं दिल्लीचं आणि दाराच्या रेट्याचं वाचून दाखवलं. कोचिंगवाला तिथेच बाद झाला. जिमसाठी मात्र एक गट अडून बसला. त्यांचं म्हणणं, धडधाकट माणसं आहेत, पळतील. शेवटी मंजूर नकाशाची प्रत टेबलावर ठेवली आणि सील लागलं तर दंड कोण भरणार, असं विचारलं. सही करायला कोणी पुढे आलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचा जिमवाल्याशी काय संबंध आहे ते पुढच्या धाग्यात.

ठरलं ते असं. आधी मीटरचं पॅनल जिन्यात पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर न्यायचं, वीज कंपनीला अर्ज दिलाय. बेसमेंट पार्किंगच राहील, नोव्हेंबर ते मे गाड्या खाली, पावसाळ्यात वर. चिरा एका भिंतीला सापडल्या, गवंडीकाका म्हणाले तशाच, मध्यावर आडव्या. स्ट्रक्चरल इंजिनिअर येणार आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात विश्वामित्री खोल-रुंद करायचं काम झालं म्हणून काही जण निर्धास्त आहेत, मी नाही.

हौशी_गवंडी
छान केलंत. आणखी दोन कामं त्याच खर्चात उरका. रॅम्पच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा फूटभर उंच उंचवटा करा आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींत खाचा ठेवा, त्यात पावसाळ्यात आडव्या फळ्या सरकवता येतात. साध्या तुंबलेल्या पाण्याला एवढं पुरतं. नदी २०२४ सारखी पस्तीस फुटांवर गेली तर त्याचा उपयोग नाही, तेव्हा खाली काहीच नसलेलं बरं. दुसरं, ड्रेनेजच्या पाइपला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह आहे का बघा. रॅम्प कोरडा आणि पाणी संडासाच्या ट्रॅपमधून वर, असं मी पाहिलंय. सम्पच्या (खाली साचलेलं पाणी गोळा करायच्या खड्ड्याच्या) पंपाची वायर नव्या वरच्या पॅनलवरूनच घ्या, नाहीतर पॅनल वर आणि पंपाचं स्विच खालीच बुडालेलं.

अकोटेकर
लिहून घेतलं. ट्रॅपचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

सयाजीगंजचा_दुकानदार
सेक्रेटरी साहेब, त्या जिमवाल्याचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा. माझ्या शेजारचा गाळा रिकामा आहे. मंजुरी दुकानाची आहे, जिने दोन आहेत, आणि पुराचं मी स्वतः त्याला आधी सांगेन.